चिंचेखालची टक्कर

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. गोंदियाला लागून असलेल्या मुर्री गावात पुरनलाल नावाच्या पोवार शेतकऱ्याच्या घरी दोन सुना होत्या. थोरली राजकुमारी अंगानं चांगली भरलेली, धाकटी सुखवंता काडीसारखी. दोघींचा अबोला होता. थोरलीनं धाकटीची दुभती शेळी तिला न विचारता आपल्या माहेरी धाडली होती. तेव्हापासून एका चुलीवर रांधूनही दोघी सासूमार्फत बोलत.

श्रावणात धानाची रोवणी आटोपली की गावच्या चिंचेला झुले बांधत. त्या वर्षी दोन झुले समोरासमोरच्या फांद्यांना होते. एकावर राजकुमारी बसली, दुसऱ्यावर सुखवंता. एकमेकींकडे बघायचं नाही या हट्टापायी दोघींनी इतके उंच झोके घेतले की मधोमध आदळल्याच. राजकुमारी तशीच थोडी पुढं गेली. सुखवंता मात्र भिरकावल्यासारखी मागं फेकली गेली. बायका हसल्या आणि राजकुमारी गुडघा चोळत घरी निघून गेली.

सुखवंताचा खांदा ठणकत होता, पण तिचं लक्ष भलतीकडंच होतं. आपणही पुढंच येत होतो की. मग ते आपलं पुढं येणं गेलं कुठं?

घरी येऊन तिनं आढ्याच्या लाकडाला दोन सारखे पितळी गडू टांगले, एकमेकांना टेकतील असे. एक मागं ओढून सोडला. तो जाऊन आदळला आणि जागीच थबकला. दुसरा मात्र जवळजवळ तेवढाच वर गेला. पहिल्याचं चालणं दुसऱ्यानं उचलून नेलं होतं. मग तिनं एका गडूत धान भरलं. भरल्या गडूनं रिकाम्याला उडवून लावलं आणि स्वतः पुढं सरकत राहिला. झुल्यावर झालं ते हेच, हे तिला पटलं. सासूनं विचारलं, पाणी प्यायचे गडू फासावर कायले चढवले? सुखवंता तोवर गडूतलं धान काढू लागली होती.

शेवटी गडू पुन्हा सारखे करून तिनं मध्ये ओल्या मातीचा गोळा चिकटवला आणि दोन्ही गडू दोन बाजूंनी सारखेच ओढून सोडले. थप्प आवाज झाला. दोन्ही चिकटून उभे राहिले, हललेसुद्धा नाहीत. इथं तर कुणीच कुणाचं चालणं नेलं नव्हतं. गडू सोडवून तिनं गोळ्याला पडलेल्या खळग्यात बोट फिरवलं.

माणसांचंही असंच होतं का, हे पाहायला झुला हवा होता आणि झुल्यावर दुसरं माणूस हवं होतं. शेजारची एखादी चालली असती. पण तिच्या डोक्यात राजकुमारीच बसली होती. दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात जाऊन उभी राहिली.

"बाई, तुमच्यासंगं अजून एकदा टक्कर मारायची हाये."

राजकुमारीनं शेणाचे हात तसेच धरले. "काऊन? पयली कमी पडली का?"

"मी लय उंचावरून येतो, तुमी जरास्या वरून या. मंग दोघी जागच्या जागी थांबतो का, ते पाह्याचं हाये."

राजकुमारीनं शेणाची पाटी बाजूला सारली. मग हात धुऊन निघाली. वाटेत आपणहून सांगू लागली की माहेरी आई आजारी होती, तिला शेळीचंच दूध चालायचं. विचारलं असतं आणि सुखवंतानं नाही म्हटलं असतं तर तोंड कुठं लपवायचं, म्हणून विचारलं नव्हतं. पोळ्यानंतर शेळी परत येईल. सुखवंता म्हणाली, आईला बरं वाटेपर्यंत राहू द्या.

झुले जवळ सरकवून बांधले. मध्ये धरायला गोधडी घेतली. बायकांनी दोघींना मागं ओढून एकदम सोडलं. पहिल्या खेपेला राजकुमारीनंच तिला रेटत नेलं. सुखवंता आणखी उंचावरून आली. दुसऱ्या खेपेला दोघींनी मध्येच गोधडीसकट एकमेकींना घट्ट धरलं आणि झुले उभेच्या उभे राहिले.

"थांबलो," राजकुमारी हळूच म्हणाली. "आता गेलं कुठं ते?"

हाच प्रश्न त्यांनी नंदलालला घातला. पुरनलालचा हा पुतण्या गोंदियाच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचा आणि सणाला आला होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, गडू स्वतः ओढून पाहिले, मग म्हणाला की यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"भाभी, संवेगाला दिशा असते. वजन आणि वेग मिळून तो होतो. तुमचा इकडून, यांचा तिकडून, दोन्ही सारखे, म्हणून मिटले. पण गतीच्या ऊर्जेला दिशा नसते. ती मिटत नाही, दुसरीकडं जाते. थोडी आवाजात, थोडी गोधडीत, थोडी तुमच्या हाडांत. शेवटी बहुतेक सगळीची ऊब होते."

वर त्यानं हेही सांगितलं की हलक्या माणसानं जड माणसाला बरोबरीनं थांबवायचं, तर त्याला वेग जास्त लागतो, आणि मग दोघांत ऊर्जा हलक्याचीच जास्त ठरते.

"हे तं मले ही लगन होऊन आली तवाच समजलं होतं," राजकुमारी म्हणाली, आणि सुखवंता पदर तोंडाला लावून हसली.

पण ऊब होते म्हणजे हाताला लागली पाहिजे. सुखवंतानं गोधडी चाचपली. ती तर उन्हानंच तापलेली. नंदलाल म्हणाला, एवढ्या मोठ्या गोधडीत दोन टकरांची ऊब कळायची नाही. वस्तू लहान हवी आणि घाव पुष्कळ हवेत.

तो जेवायला गेला. दोघींनी सावलीतून एक गार खिळा शोधला. राजकुमारीनं तो सांडशीनं दगडावर धरला आणि सुखवंता हातोडीनं ठोकत सुटली. दम लागल्यावर थांबली. राजकुमारीनं खिळा उचलून स्वतःच्या गालाला लावला, मग सुखवंताच्या गालाला लावला.

खिळा कोमट झाला होता.

"दे हातोडी," राजकुमारी म्हणाली. "आता तू धर."