मोळीचा मान

आमच्या श्रीरामपूरकडच्या पट्ट्यात लग्नाचं आमंत्रण टाळता येतं, मोळीचं नाही. गाळप सुरू होताना साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायला एका सभासद जोडप्याला बोलावतात. यंदा चेअरमन स्वतः घरी आले, चहा प्याले आणि तो मान मला व माझ्या बायकोला, जयाला, देऊन गेले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. जयाने त्यांच्याविरुद्ध संचालकपदाचा अर्ज भरला होता आणि माघारीची मुदत संपत आली होती. मोळी टाकणारं जोडपं चेअरमनच्या गटातलं, हे इथे शेंबडं पोरही सांगेल.

पण अण्णांचे, माझ्या वडिलांचे, डोळे भरून आले. बैलजोडी विकून त्यांनी कारखान्याचा शेअर घेतला होता. माझी शाळा कारखान्याची, आईचा दवाखाना कारखान्याचा. हा मान मात्र त्यांना कधी मिळाला नाही, आणि आई गेल्यावर जोडपंच उरलं नाही.

"जाऊ आपण," जया म्हणाली. "मोळी टाकू. अर्ज नाही काढायचा."

"मग कारखाना तोडणीची टोळी आपल्या शेतात सगळ्यात शेवटी पाठवेल," मी चिडून म्हणालो. "ऊस उभ्या उभ्या वाळेल."

तरी गेलो. आम्ही मोळी उचलली, तोच चेअरमन माइकवर बोलले, "कारखान्याच्या हितासाठी जयाताईंनी माघार घेतली आहे. त्यांचं अभिनंदन!"

माझी जीभ घरातच चालते. अण्णांनी मात्र पुढे होऊन माइक ओढला.

"माघार न्हाई. मोळी टाकाया आलोय, कारन कारखाना आमचाबी हाय. टाक गं जया."

मोळी पडली. टाळ्या वाजल्या. मग लोकांनी चेअरमनकडे पाहिलं आणि टाळ्या थांबल्या. कुणाचा ऊस तोडायचा होता, कुणाचं पोर तिथे कामाला होतं. अण्णांबरोबर ज्यांनी कारखान्याचा पाया खणला, त्या म्हाताऱ्यांनीही माना खाली घातल्या. मला त्यांची चीड आली, आणि माझीही.

परतताना जया म्हणाली, "अण्णा, मत कुणाला दिलं ते दिसत नाही. लोक देतील."

अण्णा बांधावर थांबून आमचा ऊस बघत होते.

"मत दिसत न्हाई पोरी, ऊस दिसतो. म्हून तर समदे भितात." मग म्हणाले, "आपला वाळू दे. तू मागं फिरू नगंस."