ताकाच्या गाडग्यातला साबण

मी एक साबण आहे. न्हाणीतल्या वडीसारखा नाही. मधासारखा घट्ट, पिवळसर होतो. आता दोन थरांत फाटून बानाबाईच्या फळीवर, ताकाच्या गाडग्यात पडून आहे. या घरात माझ्याकडे बघतात सगळे, पण ऐकत कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सूत धुतलं जायचं. तिथल्या साबणाचा फेस मागच्या नाल्यात उतरायचा आणि मरायचाच नाही. नाल्यापल्याड बानाबाईची वस्ती. त्यांची मेंढरं त्या पाण्याला तोंड लावत नसत. तिचा थोरला, मल्हारी, शिकला, त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला आणि त्यानं मला घडवलं.

माझं अंग म्हणजे एक लांब साखळी. काही कड्यांना तेलाची ओढ, काहींना पाण्याची. त्यामुळे मळ उचलला जायचा. पण त्यांना जोडणारे सांधे त्यानं मुद्दाम असे ठेवले, की आंबट लागलं की सुटावेत. सांधे सुटले की फेस खलास. उरेल ते मातीतले जीव खातील, असं तो म्हणायचा.

"मल्हारीभाऊ, लोक टिकणारा साबण करतेत अन् तुम्ही मरणारा!" शेजारी काम करणारा रामकिसन चिडवायचा.

"काम झालं की निघून जावं गड्या. पाव्हण्यानं बी अन् साबणानं बी."

घरी त्यानं परातीत माझा फेस केला आणि वरून ताक ओतलं. चहा होईपर्यंत फेस बसला.

"म्हंजी ताकाला भिणारा साबण केलास व्हय रं?" बानाबाई म्हणाली. धाकटा मुंजाबा पोट धरून हसला. तो शाळेत टिकला नव्हता, मेंढरांमागं असायचा. पण दादानं केलेलं सगळं त्याला थोर वाटायचं.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं. कारखान्याला टाळं लागणार म्हणून मल्हारीनं मला बाटलीत भरून घरी आणलं. छावणीकडं रामकिसनच्या गल्लीत दगडफेक झाल्याचं कळलं तसा तो सायकल काढून निघाला.

"जाऊ नको ना दादा," मुंजाबा म्हणाला.

"त्याची लेकरं हायेत तिथं," एवढंच तो बोलला. रस्त्यावरच्या पळापळीत ट्रकनं त्याला उडवलं. तो जागीच गेला.

कारखाना उघडला तेव्हा रामकिसन घरी आला. मुंजाबाला म्हणाला, "मोठे साहेब, तात्यासाहेब, म्हणतेत नमुना आण. फेस चांगला आला तर मल्हारीभाऊचा साबण चालू करू. नाय तर जुनाच."

मुंजाबा धावतच आत आला. बाटली त्यानं अशी ओढली, की ती उंबऱ्यावर आपटून तडकली. मी गळू लागलो. मग त्यानं घरातलं सगळ्यांत स्वच्छ भांडं उचललं: राखेनं घासून उन्हात वाळवलेलं ताकाचं गाडगं.

गाडगं घासलं तरी वर्षानुवर्षांचं ताक त्याच्या मातीत मुरलेलं असतं. मला ते टेकताच कळलं. ओरडायला तोंड नव्हतं. रात्रभरात माझे सांधे सुटत गेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तात्यासाहेबांनी मला पाण्यात ढवळलं. फेस नाही. "फाटलाय हा. नुसता ठेवला तर टिकत नाही, कसला साबण?"

मुंजाबानं गाडग्याला नाक लावलं आणि तो ओरडला, "साहेब, ताकाच्या गाडग्यात होता हो त्यो! दादानं शिकवलं तसंच वागला! त्याचं बरोबरंय, मीच खुळा!"

रामकिसनही बोलायला गेला. साहेबांनी मुंजाबाच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. नाल्यात जुना फेस तसाच वाहत राहिला.

रुखरुख मला याचीच आहे. मल्हारीनं घडवलं तसा मी वागलो, आणि तसा वागलो म्हणूनच त्याचं काम बुडालं.

आता मुंजाबा मला कुणाला हात लावू देत नाही.

"टाक की रं बाबा ते. वास मारतंय."

"नाय टाकणार! दादाये त्यो."

बानाबाई ताक करायला शेजारणीचं भांडं मागून आणते.

मुंजाबा, मी तुझा दादा नाही रे. मला वस्तीमागच्या मातीत ओत. गाडगं घास, उन्हात ठेव, मायला ताक करू दे. माझं काम झालं नाही, हे खरं. पण निघून कसं जायचं, तेवढं मला त्यानं शिकवलंय. ते तरी करू दे.