लाल पाण्याची बाधा

प्रेम नगरातल्या त्या गल्लीत सकाळी दहालाच चपलांचा ढीग पडला होता. आत मऊरानीपूरच्या माताजी बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोरच्या परातीतलं पिवळं पाणी बायकांच्या डोळ्यांदेखत लाल होत होतं! कुणाची कूस उजवत नाही, कुणाला अवेळी डाग दिसतात, कुणीही यावं. माताजी बाईच्या तळहाताला अंगाऱ्यासारखी पांढरी भभूत चोळायच्या, हात परातीत बुडवायला लावायच्या, की पाणी लालभडक. "देख लो! बाधा बोल रही है!"

शकुंतलाबाई सुनेला घेऊन पुढेच बसल्या होत्या. रेवतीला सातवा आठवडा होता. काल तिला दोन तपकिरी डाग दिसले आणि शकुंतलाबाईंनी रात्रीच माताजींचा पत्ता काढला. सहा वर्षांनी घरात पाळणा हलणार होता, आणि मुलगा श्रीनाथ नेमका परगावी ड्युटीवर, बबीन्याला.

"आई, डॉक्टरांकडे जाऊ या ना," रेवती पुटपुटली.

"डॉक्टर कुठं पळून जातायत? आधी माताजी."

शेजारच्या नीलमचा नंबर लागला. "महीने के बीच में दाग लगता है, माताजी."

पाणी लाल. "सौतन का टोना!"

नीलमला सवत नव्हती. पण आता ती शोधल्याशिवाय राहणार नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मग परातीत नवं पिवळं पाणी आलं आणि रेवतीने हात बुडवला. पुन्हा लाल. माताजी तिला म्हणाल्या, "काए बिन्नू बिटिया, ग्यारह दिन खटिया से मत उतरियो. डॉक्टर की मशीन के सामने गईं, तो बच्चे को नज़र लग जाएगी!"

रेवती रडवेली झाली. "आई, हात चुणचुणतोय."

शकुंतलाबाईंनी तिच्या हातावरची भभूत बोटांनी चोळून पाहिली. ही चुणचुण ओळखीची होती, हा लाल रंगही. दर संक्रांतीला त्या घरीच कुंकू करत. विकतच्या कुंकवाला त्यांच्या सासूबाई होळीचा रंग म्हणायच्या. हळद आणि चुना. चाळीस वर्षं स्वतःच्या हातांनी केलं, आणि आज त्यालाच हात जोडायला आलो! त्यांचं डोकंच तापलं.

"माताजी, हमारी भी देखिए." त्यांनी भभूत चोळून ताज्या पाण्यात हात घातला. लाल!

"घोर बाधा!" माताजी गरजल्या.

"किस बात की? हमारा महीना बंद हुए बारह साल हो गए!"

बायका खुदखुदल्या. शकुंतलाबाईंनी पूजेच्या ताटातलं लिंबू उचललं, चिरलं आणि परातीत पिळलं. पाणी पुन्हा पिवळं झालं. माताजींच्या तोंडचं मात्र पळालं.

"ये भभूत नहीं, पान का चूना है! हल्दी में पड़े तो लाल, नींबू पड़े तो वापस पीला. आपकी बाधा तो आधे नींबू में निपट गई!"

ऑटोत रेवतीशेजारी नीलमही चढली. दवाखान्यात डॉक्टर अनुसूयांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाच्या हृदयाचा टिमटिमणारा ठिपका दाखवला, तेव्हा शकुंतलाबाईंना रडू आवरेना. सुरुवातीच्या महिन्यांत असे थोडे डाग पुष्कळ जणींना दिसतात, डॉक्टर म्हणाल्या. बहुतेकदा बाळ सुखरूप असतं. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. गर्भ नळीत राहिला असता, तर अकरा दिवस खाटेवर पडून राहणं जिवावर बेतलं असतं. रक्त जास्त गेलं, पोटात किंवा खांद्यात दुखलं, चक्कर आली, तर लगेच दवाखाना गाठायचा.

नीलमला त्यांनी विचारलं, "पाळणा लांबवायच्या गोळ्या रोज घेतेस?"

"जब याद आ जाए..."

"गोळ्या चुकल्या की मधेच डाग दिसू शकतात. नियमित घेऊनही दिसत राहिले, तर ये, तपासू."

"मतलब, सौतन नहीं है?" नीलमचा जीव भांड्यात पडला.

यंदाच्या संक्रांतीला शकुंतलाबाईंनी वाण लुटण्याआधी सगळ्यांसमोर हळदीचं पाणी लाल केलं आणि लिंबाने परत पिवळं केलं. मग म्हणाल्या, "बायांनो, डाग लपवू नका आणि त्याची पूजाही घालू नका. तो का आला, ते डॉक्टरांना विचारा. मी चाळीस वर्षं कुंकू करते, तरी त्या दिवशी सुनेला अकरा दिवस खाटेवर निजवायला निघाले होते."

मांडीवरच्या नातीने तेवढ्यात हळदीच्या वाटीत मूठ घातली. या खेपेला कुणालाच बाधा दिसली नाही.