वाट बघणारी खिडकी

आमच्या शहराला समुद्र आहे, हवी तेवढी वाळू आहे, इतिहास मात्र नाही. शेजारच्या शहराला किल्ला, म्हणून पर्यटक सगळे तिकडे. आमचे हे पडले गाइड. दाखवायला काहीच नाही म्हटल्यावर त्यांनी सरळ स्वतःच्या आईलाच दाखवायला सुरुवात केली.

“ही ती खिडकी. कप्तान समुद्रावर गेला, त्याची बायको इथे बसून वाट बघत राहिली. आजही त्या घराण्यातली बाई इथे बसते.”

कप्तान कसला डोंबलाचा. माझे सासरे वीस-बावीस वर्षांपूर्वी ‘दाढी करून येतो’ म्हणून गेले, ते गेलेच. सासूबाई वाट बघायच्या हे मात्र खरं. लोक खिडकीखाली रडायला लागले, नगरपालिकेने पाटी ठोकली, आइस्क्रीमच्या गाड्या लागल्या. सासूबाईंना दुपारची डुलकी बंद आणि मला भांड्यांचा आवाज करायची बंदी.

आणि परवा सासरे दारात उभे. दाढी छातीपर्यंत. म्हणाले, “सलून बंद होतं.”

मला असा संताप आला म्हणून सांगू. पण सासूबाई खिडकीतून उठताना दिसल्या आणि जीभ आवरली. तेवढ्यात पालिकेचे साहेब धावत आले आणि उंबऱ्यात आडवे उभे राहिले.

“यांना आत घेता येणार नाही. हे आले तर वाट कोण बघणार? गावाचं पोट आहे त्यावर.”

आमच्या ह्यांनीही मान डोलावली. सख्ख्या बापाला म्हणतात, “बाबा, एवढी वर्षं काढलीत, सीझन संपेपर्यंत थांबा की.”

सासूबाई पुढे आल्या. “बाजूला व्हा साहेब. वाट मी बघितली, तुमच्या पालिकेने नाही.” नवऱ्याचा हात धरून त्यांना आत आणलं, पान वाढलं. सासरे पोटभर जेवले, भाजीत मीठ कमी आहे म्हणाले आणि पलंगावर आडवे होऊन घोरायला लागले. साहेब पायरीवर डोकं धरून बसले होते.

सासूबाईंनी ताट उचललं, हात धुतले आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसल्या. खाली लोकांनी रुमाल काढले.

मी जवळ गेले. “आई, अहो, आले ना ते? आता कोणाची वाट बघताय?”

त्यांनी पलंगाकडे एकदा नीट बघून घेतलं.

“गेले होते, त्यांची.”