रॉबर्ट हेल यांचा डावा हात

माझ्या मनगटावर कागदाची एक पट्टी आहे. रुंदी अडीच सेंटीमीटर. तिच्यावर काळ्या शाईत तीन ओळी छापल्या आहेत. रॉबर्ट हेल. पुरुष. जन्मतारीख ०३/०८/१९५१. आठाचा खालचा गोल बोटं लागून लागून पुसट झाला आहे. बाकी सगळं वाचता येतं.

मित्रांनो, यातलं काहीच खरं नाही. रॉबर्ट हेल नावाचा हा माणूस कधी जन्मलाच नाही. मी एक जुना रबरी हात आहे, डावा, दंडापासून बोटांपर्यंत. अमेरिकेतल्या श्रूजबरीपासून गाडीने वीस मिनिटांवर एक नर्सिंग कॉलेज आहे, तिथल्या सरावखोलीत माझं सारं आयुष्य गेलं. शिरेत सलाईनची सुई कशी घालायची ते विद्यार्थ्यांनी आधी माझ्यावर शिकावं आणि मगच माणसाच्या हाताला हात लावावा, एवढ्यासाठी मला बनवलं.

चौदा वर्षांपूर्वी एका कारखान्यात साच्यातून मी बाहेर आलो. कातडीखाली दोन लवचिक नळ्या घातल्या, त्या माझ्या शिरा. त्यांत लाल रंगाचं पाणी भरतात. सुई नेमकी शिरेत गेली की तिच्या मागच्या पारदर्शक टोकात लाल थेंब उमटतो. तो थेंब दिसला की शिकणारा इतका वेळ रोखलेला श्वास सोडतो. असे सुटलेले श्वास मी हजारोंनी ऐकले आहेत.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. "अगदी खऱ्यासारखा आहे," असं म्हणत मला दाबून पाहायला लोक यायचे. मग नवे हात आले. त्यांना नाडी आहे. चुकीचं टोचलं तर ते कळवळतात. मी खालच्या फडताळात गेलो. माझी कातडी दोनदा बदलली, कोपराशी गळती लागली म्हणून चिकटपट्टी लावली. नवे हात कॉलेजबाहेर न्यायला परवानगी नाही. मला मात्र कोणीही सही करून घरी नेऊ शकतो. म्हातारपणी माझ्या वाट्याला प्रवास आला तो असा.

मला घरी नेणारे बहुतेक एकाच वर्गातले. कॉलेजात सोळा महिन्यांचा एक वेगवान अभ्यासक्रम आहे. ज्यांच्याकडे आधीची दुसरी पदवी आहे आणि ज्यांना मध्येच काम बदलून नर्स व्हायचं आहे, त्यांच्यासाठी. इतरांना जे तीन-चार वर्षांत शिकवतात, ते यांना सोळा महिन्यांत. या वर्गात मी बेकरीवाला पाहिला, गणिताची शिक्षिका पाहिली, सैन्यात ट्रक दुरुस्त करणारा पाहिला. त्यांना शिकवणाऱ्या मिसेस डोनोव्हन पहिल्या दिवशी त्यांना एकच गोष्ट सांगतात, "काल तुम्ही तुमच्या कामात तज्ज्ञ होतात. आजपासून नाही. अभ्यासापेक्षा हेच जास्त दमवेल."

त्या दिवशी सगळे हसतात. दोन महिन्यांनी कोणी हसत नाही. दर आठवड्याला परीक्षा. आठवड्यातून दोन दिवस हॉस्पिटलात, पहाटे साडेसहाला हजर. औषधांची नावं पाठ, मात्रांची गणितं पाठ, आणि पंचवीस वर्षांची परिचारिका चाळिशीच्या विद्यार्थ्याला सांगते, "तुम्ही जरा बाजूला उभे राहा." हुशार माणसंसुद्धा माझ्याशेजारी टेबलावर डोकं टेकून झोपलेली मी पाहिली आहेत.

प्रीता त्यांच्यातलीच. वय त्रेचाळीस. औषधांच्या एका कंपनीत गुणवत्ता तपासणीच्या विभागात तिने सतरा वर्षं काढली. औषधाच्या बाटल्यांचे नमुने तपासायचे, आकडे लिहायचे, पुढची बाटली. सतरा वर्षांत तिच्या हातून एकाही नमुन्याचं लेबल चुकलं नव्हतं. पण ती बाटली शेवटी कोणाला टोचली, त्याला बरं वाटलं की नाही, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ते पाहायचं म्हणून ती इथे आली होती.

मात्र जुनी नोकरी तिने पुरती सोडली नव्हती. तिची वरिष्ठ नीना हिने जागा तात्पुरत्या माणसावर भागवून तिच्यासाठी अडवून धरली होती. "परत येणार की नाही ते सांग," असं नीना दर महिन्याला विचारायची. "कळवते," असं प्रीता दर महिन्याला सांगायची. अकरा महिने असेच गेले होते.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सलाईन लावायची प्रात्यक्षिक परीक्षा होती. नवा हात बिघडला होता, म्हणून मला वर काढलं. या परीक्षेत मिसेस डोनोव्हन पेशंटच्या आवाजात उत्तरं देतात. विद्यार्थ्याने नाव आणि जन्मतारीख विचारायची, उत्तर पट्टीशी ताडून पाहायचं, जुळलं तरच सुई उचलायची. जुळलं नाही तर थांबायचं. कधी कधी त्या मुद्दाम चुकीचं उत्तर देतात.

प्रीताने नाव विचारलं. "रॉबर्ट हेल." जन्मतारीख विचारली.

"तीन ऑगस्ट एकोणीसशे एक्कावन्न," मिसेस डोनोव्हन म्हणाल्या.

प्रीताने पट्टीवर बोट फिरवलं. शून्य तीन, शून्य आठ. मान हलवली. मग इतक्या हलक्या हाताने सुई घातली की पहिल्या झटक्यात लाल थेंब आला. अशी सुई माझ्यात वर्षभरात कोणी घातली नव्हती.

"सुंदर," मिसेस डोनोव्हन म्हणाल्या. "पण भलत्याच माणसाला."

प्रीताला पुष्कळ वेळ काही कळेना. अमेरिकेत महिना आधी लिहितात. माझ्या पट्टीवर आठ मार्च आहे. सतरा वर्षं ती स्वतःही महिनाच आधी लिहीत आली होती. पण त्या दिवशी ती पहाटे चारला उठून हॉस्पिटलात जाऊन आली होती, आणि दमलेल्या डोक्याने नागपूरच्या शाळेत शिकलेली तारीख वाचली. आधी दिवस, मग महिना.

नियम साधा होता. सोमवारी दुसरी संधी. तीही हुकली तर अभ्यासक्रमाबाहेर. मग पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा पहिल्यापासून, तेही घेतलं तर.

शनिवारी दुपारी मी प्रीताच्या जेवणाच्या टेबलावर होतो. बाहेर रस्त्याच्या कडेला बर्फाचे मळके ढीग होते. तिचा नवरा शैलेंद्र कुकर घेऊन आला आणि जागा शोधत उभा राहिला.

"हात काढतेस का जरा?"

"हात नाही, पेशंट आहे."

"मग पेशंटला विचार, खिचडी चालेल का. सलग चौथा दिवस आहे म्हणावं."

"तो तरी कंप्लेन करणार नाही," पलीकडून आन्या म्हणाली. ती त्यांची मुलगी, नववीत. आज तिला पेशंट व्हायची ड्युटी लागली होती.

प्रीताने हातमोजे चढवले. "तुमचं नाव?"

"रॉबर्ट हेल. आणि आय हेट नीडल्स."

"जन्मतारीख?"

"ऑगस्ट थर्ड."

"थांबा. पट्टीवर आठ मार्च आहे. मी आधी खात्री करून घेते."

"ओके, गुड," आन्या म्हणाली. "मंडेला पण असंच जागी राहा, आई. तू काल मला दोनदा दादा म्हणालीस. मला दादाच नाहीये."

शैलेंद्र हसला. मग खुर्ची ओढून बसला आणि आवाज जरा उतरवून म्हणाला, "एक बोलू? रागावू नकोस. नीनाला आज हो म्हणून टाक. सोमवारी पास झालीस तर मग नाही म्हणता येईल. आपल्या हातात काहीतरी राहील."

"तिने अकरा महिने जागा धरली. तिला हो सांगायचं आणि मग नाही?"

"बरं, मग कळवते म्हण. तेवढं तर तुला पाठ आहे."

प्रीता माझ्या दंडाला पट्टा बांधत होती.

"परवा हॉस्पिटलात एक आजोबा होते," ती म्हणाली. "प्रत्येक औषधाआधी नाव विचारावंच लागतं. सकाळपासून तीन वेळा विचारलं. चौथ्यांदा विचारलं तर म्हणाले, आता तुझं सांग. मी सांगितलं. तर म्हणाले, नीट सांग, मला लक्षात ठेवायचंय. मग मी त्यांना प्रीताचा उच्चार शिकवत बसले, आणि औषध सहा मिनिटं उशिरा दिलं."

"ओरडा बसला असेल."

"बसला."

"आणि तुला आवडलं."

प्रीताने पट्टा घट्ट केला. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि डाव्या पापणीची शीर फडफडत होती. शैलेंद्रने ते पाहिलं असावं, कारण त्याने तिच्या ताटलीत खिचडी वाढली आणि वर तूप सोडलं.

मित्रांनो, मी काही फार शहाणा नाही. मला टोचून घेण्यापलीकडे काही येत नाही. पण चौदा वर्षांत एवढं कळलं, की सुई चुकते ती क्वचितच हाताच्या दोषाने. ती चुकते दमल्यामुळे, घाईमुळे आणि समोरच्याचं उत्तर नीट न ऐकल्यामुळे. तुम्ही कधी कोणाची सेवा करायला गेलात तर आधी त्याचं नाव विचारा आणि तो बोलेपर्यंत थांबा. आणि तुमच्या घरात कोणी असं मोठेपणी पुन्हा पहिल्या इयत्तेत बसलं असेल, तर त्याला सल्ला नंतर द्या, आधी गरम जेवण द्या. मी रबराचा आहे, मला भोकं पडली की कातडी बदलतात. माणसाची बदलता येत नाही. म्हणून त्यांना जपा.

प्रीताने माझी शीर बोटाने चाचपली, कातडी ताणली आणि म्हणाली, "आता टोचतेय हं." लाल थेंब आला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"नीना," आन्याने वाचलं.

प्रीताचे दोन्ही हात अडकले होते. सुई बाहेर ओढायची आणि तिच्याभोवतीची बारीक प्लास्टिकची नळी आत राहू द्यायची, तोवर वरच्या बाजूने शीर अंगठ्याने दाबून धरावी लागते, नाहीतर सगळं पाणी टेबलभर. शैलेंद्रने फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि तिच्यासमोर धरला.

"प्रीता, शनिवारी त्रास देतेय, सॉरी. जेवताय का?"

"नाही, बोल. माझे हात अडकलेत, म्हणून स्पीकरवर आहेस. शैलेंद्र आणि आन्या आहेत इथे."

"बरंय, साक्षीदार आहेत. ऐक, मला सोमवारी सकाळी नऊला नाव द्यायचंय. तुझं किंवा दुसऱ्याचं. यापुढे मला नाही धरून ठेवता येत. आणि हे बघ, आज 'कळवते' म्हणालीस ना, तर मी तिथे येऊन सोफ्यावर बसेन, उत्तर मिळेपर्यंत."

"ये. खिचडी आहे," शैलेंद्र म्हणाला.

"चौथा दिवस," आन्या म्हणाली.

नीना हसली. "सीरियसली, प्रीता. तुझी जागा आहे. तुझं बेंच, तुझे नमुने, आठ ते चार. सगळं तसंच आहे. तू दमल्यासारखी वाटतेयस."

"दमलेय," प्रीता म्हणाली.

"मग ये ना परत. कोणी काही म्हणणार नाही."

शैलेंद्रने फोनवर तळहात ठेवला. "सोमवार होऊ दे," तो कुजबुजला. "दुपारी सांगते म्हण. तीन तासांचा प्रश्न आहे, ती सांभाळून घेईल."

प्रीताचा अंगठा माझ्या शिरेवर घट्ट होता. दुसऱ्या हाताने तिने सुई मागे ओढली, डब्यात टाकली, नळीला टोपण लावलं. एक थेंबही सांडला नाही. मग तिने अंगठा उचलला, नवऱ्याकडे पाहिलं आणि मान हलवून त्याला तळहात काढायला सांगितलं. त्याने काढला.

"आहेस ना?" नीनाने विचारलं.

"आहे. नीना, ती जागा दुसऱ्याला दे. सोमवारी मी पास होईन किंवा होणार नाही, ते मला माहीत नाही. पण मी परत येत नाहीये."