सरळ वाजव, चंद्रभान

चंद्रभानला मी आठ वर्षं एकच गोष्ट सांगत होतो, सरळ वाजव. तो ऐकत नव्हता. मग एक दिवस त्यानं ऐकलं, आणि मी वर्ध्याच्या बाजारात छाती काढून फिरलो, की बघा, कलकत्त्याचा माणूस वळणावर आणला. माझ्यासारख्याच्या हाती बँड असू नये, हे कळायला मला त्याच्या तेरवीचं जेवण जेवावं लागलं.

मी मधुकरराव, प्रभात बँडचा मास्तर. क्लॅरिनेट वाजवतो आणि बरा वाजवतो. बऱ्यापेक्षा जास्त कधीच वाजवला नाही, हे आता साठीला आल्यावर म्हणायला हरकत नाही. चंद्रभान त्र्याहत्तर साली माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला, हातात काळी लांबट पेटी. गाव रोहणा, घरची शेती, ती थोरला भाऊ अण्णाजी पाहायचा. हा मिसरूड फुटायच्या आत कामठीच्या पलटणीच्या बँडात शिरला, तिथून कलकत्त्याला गेला आणि एका मोठ्या हॉटेलात अकरा वर्षं जॅझ वाजवत राहिला. पुढे हॉटेलवाल्यांनी वादकांना घरी पाठवलं. हा बायकोला, देवकाबाईला घेऊन नालवाडीत खोली करून राहिला. पेटीत टेनर सॅक्सोफोन होता. आमच्याकडच्या बँडांत तोवर लहान सॅक्सोफोन असे, चिरका. हा गळ्यात पट्टा घालून मांडीपर्यंत लोंबणारा, आणि आवाज जाड, थेट छातीतून आलेला.

"काय वाजवतं?" मी विचारलं.

"तुमी सांगान ते," तो म्हणाला. "पन एक खेप लोकायचं, एक खेप माह्यं."

मला वाटलं, गंमत करतो. गंमत नव्हती. वरातीत सिनेमाचं गाणं पहिल्यांदा तो जसंच्या तसं वाजवी. लोक नाचत. दुसऱ्यांदा तेच कडवं आलं की हा गाण्याच्या मागून सावकाश चालायला लागे. जिथं सूर यायला हवा तिथं तो यायचाच नाही. आपण मनातल्या मनात तो म्हणून मोकळे होतो न होतो, तोच हा खालून कुठून तरी भलताच सूर आणून ठेवायचा, आणि तोच बरोबर वाटायचा. एखादा माणूस बोलता बोलता गप्प होतो आणि आपल्याला कळतं की आता हा खरं बोलणार, तसं व्हायचं. मोठ्यानं त्यानं कधी वाजवलं नाही. जितकं अवघड, तितकं हळू. हे सगळं मी आज लिहितोय. तेव्हा मला एवढंच दिसे, की नाचणाऱ्यांचे पाय चुकतात आणि नवरदेवाचा मामा माझ्याकडे बघून हात उडवतो.

मी त्याला भोंग्यात फडकं कोंबायला लावलं. त्यानं निमूट कोंबलं. फडक्यातून तो आवाज आणखीच जवळ आला, कानाशी बोलल्यासारखा, म्हणून मीच ते काढायला लावलं. मग त्याला ढोलवाल्यांच्या मागे, शेवटच्या रांगेत टाकलं. बँडातली पोरं त्याला कलकत्ता म्हणून हाका मारत आणि मी हसत असे. वर्ध्यात शास्त्रीय गाण्याच्या बैठकांना मान डोलावणारे पुष्कळ होते, वकील, प्रोफेसर. त्यांच्याही दारावरून आमच्या वराती गेल्या. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

तो चिडायचा नाही. दुकानात पत्ती ब्लेडनं तासत बसे. पत्ती म्हणजे तोंडाशी लावायची बोरूची पातळ चीप. कलकत्त्याच्या चांगल्या पत्त्या संपल्यावर जुन्याच खरवडून तो वर्षं काढत होता. एकदा मी म्हटलं, "काऊन एवढी मेहनत घेतं? ढोलाच्या आवाजात कोण आयकते?"

"एखांदा आयकीन," तो म्हणाला. "एक भेटला तरी झालं, मास्तर."

असा एक भेटला. एक्क्याऐंशी सालच्या माघात.

त्याआधी आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. तुळशीचं लग्न झालं की बँडातला प्रत्येक वाजवणारा मास्तरच्या हातून नारळ घेतो. नारळ घेतला की लग्नसराई संपेपर्यंत तो मास्तरच्या शब्दाचा. त्यानं सांगितल्याशिवाय दुसरीकडे वाजवायचं नाही, आणि तसं विचारायचंही नाही. विचारणं म्हणजे नारळ परत केल्यासारखं. चंद्रभाननं आठही नारळ माझ्याकडूनच घेतले होते.

त्या दिवशी दुपारी चारची वरात होती, सेवाग्रामच्या रस्त्याला लागून. आश्रम पाहायला आलेला एक गोरा म्हातारा रस्त्याच्या कडेला उभा होता, उंच, अंगात खादीचा सदरा. वरात पुढे गेली तसा तो बरोबर चालायला लागला. लोकांना वाटलं, साहेबाला नाचायचंय. तो नाचला नाही. शेवटच्या रांगेजवळ खाली मान घालून चालत राहिला, मांडवाच्या दारापर्यंत. तिथं आम्ही वाद्यं उतरवली तेव्हा त्याचे डोळे ओले होते. त्यानं मास्तर कोण म्हणून विचारलं आणि लोकांनी मला पुढे केलं.

मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी मला आहे. तो म्हणाला, हा टेनर वाजवणारा कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का? मी म्हटलं, चंद्रभान. तो म्हणाला, तसं नव्हे. अमेरिकेत मी चाळीस वर्षं रेडिओवर जॅझ ऐकवतो, पण असा वाजवणारा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका ऐकला. उद्या सकाळी नऊला याला आश्रमाजवळच्या अतिथीगृहात पाठवा. माझ्याकडे टेप आहे. अर्धा तास पुरे, त्याला हवं ते वाजवू दे. दुपारच्या गाडीनं मी जाणार. त्यानं नाव लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. चंद्रभान पाच हातांवर पाठमोरा बसून वाद्य पुसत होता.

दुसऱ्या दिवशी समुद्रपूरला लग्न होतं, सातची एसटी. खरं सांगायचं तर टेनरवाचून तिथं काही अडत नव्हतं. अडलं ते वेगळंच. त्या म्हाताऱ्यानं माझ्या क्लॅरिनेटबद्दल अक्षर काढलं नाही. तासभर मी सगळ्यांच्या पुढे छाती फुटेस्तोवर वाजवत होतो आणि याला ऐकू आला तो शेवटच्या रांगेतला माणूस. मी हो म्हटलं, मान डोलावली, कागद खिशात घातला. चंद्रभानला म्हटलं, "उद्या सातची गाडी. टाइमावर येजो." तो उठला, वाद्य पेटीत ठेवलं. मग बरं म्हणाला.

सकाळी स्टँडवर तो सगळ्यांच्या आधी येऊन उभा होता. अंगात बँडचा लाल कोट नव्हता, इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. कोट पिशवीत. गाडी लागली. पोरांनी ढोल टपावर चढवले. तो खालीच उभा.

"मास्तर," तो म्हणाला, "मले काई सांगाचं हाये का?"

मी म्हटलं, "हो. आज मोठ्या घरचं लगन आहे. सरळ वाजव."

तो चढला. समुद्रपूरला त्यानं प्रत्येक गाणं दोन्ही खेपा सरळ वाजवलं. एक सूर इकडचा तिकडे नाही. नाचणारे खूश, नवरदेवाचा मामा खूश. मीही खूश झालो, लाज वाटायच्या ऐवजी. पुढची पाच वर्षं तो तसाच वाजवत राहिला, पाट्यावर वाटल्यासारखं एकसारखं. पत्ती तासणं त्यानं बंद केलं. बँडाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी त्याला शाल देऊन चार लोकांत म्हटलं, शिस्त शिकावी तर चंद्रभानकडून. त्यानं हात जोडले.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि बारा दिवसांत तो गेला. तेरवी नालवाडीतच होती. पंगत बसली. अण्णाजी रोहण्याहून आला होता. वाढता वाढता तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "घरची वावरं सोडून जिंदगीभर भोंगा फुंकला यानं. भेटलं काय? कुत्र्यानं भी नाई इचारलं, का बावा कोन वाजवून राह्यला."

देवकाबाई भाताचं पातेलं घेऊन उभी होती. ती माझ्यासमोर आली.

"मास्तर, तुमी तं एवढे साल संग होते," ती म्हणाली. "तुमी सांगा सगळ्यायले. कोनी इचारलं होतं का कधी?"

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. अर्धी माझ्या बँडातली. मला फक्त हो म्हणायचं होतं. माणूस गेला होता, टेप गेली होती, म्हातारा कुठं होता देव जाणे. हो म्हटल्यानं माझं काय जाणार होतं? फार तर पुढचा प्रश्न आला असता, मग काय झालं म्हणून. तेवढ्याला मी भ्यालो.

"नाई," मी म्हटलं. "माह्या तरी ध्यानात नाई, बाई."

तिनं वाकून माझ्या पानात भात वाढला. आवाज असा, की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये.

"तो गोरा इंग्रजीत बोलला, ते यानं सारं आयकलं होतं, मास्तर. अकरा साल हाटेलात काढले, इंग्रजी समजे त्याले. संध्याकाई घरी आला तं लेकरावानी खुश. शर्ट इस्त्री करून आनला. म्हने, नारळ घेतला हाये, मी कसा इचारू, मास्तरच सांगतीन. समुद्रपूरहून आला, त्या दिवसापासून आपलं वाजवनं सोडलं. म्हने, आयकनारा आलता, गेला."

मी भाताचं आळं केलं.

"मरेपर्यंत म्हने, मास्तर भुलले असतीन, घाई होती लग्नाची. मी म्हनो, भुलले नाई. याच्यावरून आमचं लई वेळा भांडन झालं. त्यानं तुमची बाजू कधी सोडली नाई." तिनं पातेलं खाली ठेवून वरण वाढलं. "गोरा म्हटलं तं कोनता गोरा, हे भी तुमी इचारलं नाई. आता समजलं, कोनाचं खरं होतं. जेवा."

मी जेवलो. तेरवीच्या पानावरून अर्ध्यात उठत नाहीत.