फाशीच्या सकाळचं ग्रहण

धाकट्याला शेवट सुचेनासा झाला की तो आभाळाकडे बघतो. मागच्या सिनेमात त्याने खलनायकावर वीज पाडली होती. या वेळी सूर्यग्रहण.

सिनेमा मी लिहिलाय, दिग्दर्शक माझा धाकटा भाऊ. गोष्ट एका निरपराध बाईची, जिला फाशी होणार आहे. माझ्या शेवटात ती तख्तावर उभी राहून बोलते आणि खोटी साक्ष देणारा शेजारी गर्दीतून पुढे येऊन कबुली देतो. ते चित्रितही झालं होतं. धाकट्याने मला न विचारता ते काढून टाकलं. आता गळ्यात दोर पडतो, सूर्य काळा होतो, जल्लाद घाबरून पळतो आणि बाई सुटते. आयत्या बिळावर नागोबा, तसं ते ग्रहण माझ्या जागेवर येऊन बसलं.

"शंभर गोष्टींत झालंय हे," मी म्हणाले. "पण तिथे निदान नायकाला ग्रहणाची तारीख ठाऊक असते, तो राजाला गंडवतो. तुझी बाई काहीच करत नाही."

"लोकांना आवडतं."

"लोकांना झोपही आवडते."

संकलनाच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. तिसरा संकलक. तो पेन चावत पडद्याकडे बघतो आणि भावाबहिणीच्या भांडणात पडत नाही. खोलीला खिडकी नाही, एसी एवढा की मी शाल घेऊन बसते.

माझं म्हणावं असं एकच दृश्य उरलं होतं. फाशीच्या आदल्या रात्री तुरुंगाच्या अंगणात ती बाई आपल्या मुलीची वेणी घालते. मुलगी चाळिशीची, केस पिकायला लागलेले. हे कुठून आलं ते धाकट्याला माहीत होतं. आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने हॉस्पिटलच्या खाटेवर मला पाठमोरं बसवलं आणि थरथरत्या हातांनी वेणी घातली, सैल आणि वाकडी. धाकटा तेव्हा परगावी शूटिंग करत होता. शूटिंग थांबवता येत नाही म्हणाला. ते दृश्य राहिलं तर बाकीचा सिनेमा खड्ड्यात गेला तरी चालेल, असं मी मनाशी ठरवलं होतं.

मग मी गप्प बसायला हवं होतं. पण संकलकाने शेवट पुन्हा लावला. अंगण, वेणी, भिंतीच्या वर वाटोळा मोठा चंद्र. लगेच सकाळ, तख्त, ग्रहण. आणि मला दिसलं. मला इतका आनंद झाला की मी हसलेच.

"थांबव. रात्री पौर्णिमा आणि सकाळी सूर्यग्रहण?"

"मग?" धाकटा म्हणाला.

"अरे गाढवा, सूर्यग्रहण अमावस्येला असतं. सकाळी सूर्याच्या आड येणारा चंद्र आदल्या रात्री असा पूर्ण कसा दिसेल? शाळेतली पोरं हसतील तुला."

संकलकाने तोंडातून पेन काढलं. "ताई बरोबर बोलतायत."

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. मी संकलकाला म्हणाले, "ग्रहण काढ. माझा शेवट लाव."

"ते ग्रहण बनवायला किती महिने गेलेत, माहितेय तुला?" धाकट्याने विचारलं. मग शांतपणे संकलकाकडे वळला. "अंगणाचा सीन काढ."

"नुसता चंद्र काढा ना," मी म्हणाले.

"सगळा उजेड चांदण्याचाच धरलाय, ताई," संकलक म्हणाला. "अंधार केला तर वेणी दिसणार नाही."

"मग पंधरा दिवस आधीची रात्र दाखवा."

"आदली रात्रच नसेल तर त्या वेणीला काय अर्थ?" धाकटा म्हणाला. हे माझंच वाक्य होतं, पटकथेवरून भांडताना मीच त्याला ऐकवलेलं.

"तो आईचा सीन आहे."

"आईचा नाही, माझ्यावरचा आहे. मी तिथे नव्हतो, हे जगाला कळावं म्हणून लिहिलायस."

चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून त्याला उडवून लावता आलं असतं. पण तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

संकलकाने माझ्याकडे न बघता कळ दाबली. अंगण गेलं. बाई कोठडीतून थेट तख्तावर आली, दोर पडला, सूर्य काळा झाला, जल्लाद पळाला. कुठे काही खटकलं नाही.

माझी शाल घसरली होती. धाकट्याने ती उचलून माझ्या खांद्यावर नीट घातली.

"बरं झालं ताई, तुझ्या लक्षात आलं," तो म्हणाला. "नाहीतर हसं झालं असतं."